बर्फ पडू लागला की उतार रिकामा

माझ्या बहिणीचे यजमान उम्म अल कुवैनला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि सुट्टीच्या दिवशी दुबईतल्या एका मॉलमध्ये बर्फावर पहारा देत. या दुसऱ्या कामाचा पगार नव्हता. सुट्टी शुक्रवारी असायची तेव्हा ते शुक्रवारी जात, ती शनिवारवर गेल्यावर शनिवारी. गेल्या वर्षी ते चिपळूणला वारले.

मॉलच्या आत, मोठ्या बंद हॉलमध्ये, बनवलेल्या बर्फाचा उतार आहे. लोक पायांना स्की बांधून वरून घसरत येतात. कुणी पडलं की लाल जॅकेटातला स्की पॅट्रोल तिथे पोहोचतो. भावोजी पडलेल्याशेजारी बसून आधी विचारत, "हबीबी, हिलना नहीं. सुबह नाश्ते में क्या खाया?" उत्तर नीट आलं तर डोक्याला मार नाही असं समजायचं. "आणि खोटं सांगितलं तर ह्यांना काय कळणार?" असं ताई म्हणे.

मी त्यांना काम करताना पाहिलं ते हॉलच्या काचेबाहेरच्या कॉफीच्या दुकानातून. काचेतून आवाज येत नसे. आतल्या उजेडाला सावली नव्हती, त्यामुळे उतार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते ठरवता येत नसे. त्या पांढऱ्यात एक लाल ठिपका हळूहळू तरंगत खाली यायचा, थांबायचा, पुन्हा तरंगायचा. कॉफी गार व्हायची. बाहेर पार्किंगमध्ये गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसायचा, आणि भावोजींचा चष्मा वाफेने पांढरा व्हायचा. तो न पुसताच ते गाडीत बसत.

त्यांची मुलगी इथेच, अमिरातीत वाढली, आता अबुधाबीत अल रीम आयलंडवर राहते. तिच्या लहानपणाच्या सगळ्या सुट्ट्या त्या हॉलने घेतल्या होत्या. रविवारी जेवताना ते म्हणत, "एकदा येऊन बघ गं, मी काय करतो ते."

"बाबा, इट्स अ फ्रिज."

"आणि हे त्यातलं पडवळ," ताई म्हणे. सगळे हसत, तेही हसत.

साठीला नोकरी संपणार होती, तिच्याबरोबर व्हिसाही. जायच्या आधी मुलीने एकदा आपलं काम पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी ताईला सांगितलं होतं.

त्या वर्षीच्या ईदला मुलगी ऑफिसच्या मित्रमैत्रिणींबरोबर जॉर्जिया देशात, डोंगरावर स्की करायला निघाली आणि वडिलांना बरोबर घेऊन गेली. आकाशातून पडणारा बर्फ त्यांनी कधी पाहिला नव्हता. हॉलमध्ये बर्फ पडतो तो छताच्या यंत्रांतून, शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर. लोक उतारावर असताना तो पडू लागला, तर कुणाची तरी चूक झाली आहे. आधी सगळ्यांना खाली आणायचं. एवढ्या वर्षांत हा नियम त्यांच्या अंगात मुरला होता.

पुढचं मला मुलीने सांगितलं. दुपारी ढग डोंगरावर उतरले आणि भुरभुर सुरू झाली. भावोजी थांबले. मान वर करून त्यांनी छत शोधलं. मग दोन्ही हात पसरून ओरडू लागले, "चला, चला खाली! यल्ला! खलास! स्लोप क्लोज्ड!" एक अनोळखी कुटुंब बघत राहिलं. मित्रमैत्रिणी तिच्याकडे बघू लागले.

"मला एकटीलाच कळलं, ते काय करतायत," ती मला म्हणाली. एका वाक्यात तिला त्यांना थांबवता आलं असतं. ती मित्रांना म्हणाली, "गाईज, डाउन," आणि स्वतः निघाली. तिच्यामागून सगळे आले. त्यांच्या बरंच मागे वडील, या कडेपासून त्या कडेपर्यंत, प्रत्येक खळग्यात डोकावत, पडत्या बर्फात दिसेनासे होत आणि पुन्हा दिसत.

खाली आल्यावर त्यांनी हातमोजा काढला. तळव्यावर बर्फ पडत होता. "अगं, हे तर..." म्हणत त्यांनी पुन्हा वर, आभाळाकडे पाहिलं. कान लाल झाले होते. "सॉरी हं, तुझ्या लोकांसमोर..."

"बाबा, डू यू ऑल्वेज कम लास्ट?"

"मग? मागे कुणी राहिलं तर?"

परतल्यावरच्या शनिवारी ती अबुधाबीहून गाडी चालवत आली. हॉल बंद व्हायच्या वेळी ताई आणि मी काचेबाहेर होतो, ती आत, उताराच्या पायथ्याशी, भाड्याच्या जॅकेटात. लोक बाहेर पडले. वरून लाल ठिपका निघाला, तिला पाहून मध्येच थांबला, आणि नेहमीसारखाच, घाई न करता, दोन्ही कडा बघत खाली आला.

तिने काहीतरी विचारलं. त्यांनी वळून काठीने वर दाखवलं, मग डावीकडे, मग एका खांबाच्या मागे. ती त्या त्या जागी बघत होती. दारातला कर्मचारी घड्याळाकडे बोट दाखवत होता. एकेक दिवा मालवला जाऊ लागला, तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.