बाबांचा चार्जिंगचा नियम

आमच्या सौसरच्या घरात बाबांचा एक नियम होता. बॅटरीची कोणतीही वस्तू पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. हा नियम ते एका इमर्जन्सी लॅम्पसोबत घरी घेऊन आले होते. तेव्हा लाइट तासन्‌तास जायची, आणि दुकानदारानं त्यांना बजावून सांगितलं होतं की अर्ध्यात चार्जिंगला लावलं तर बॅटरीला अर्ध्याचीच सवय लागते. त्या लॅम्पसाठी ते खरंही असेल. पण लॅम्प भंगारात गेला आणि नियम घरातच राहिला. पुढे मच्छर मारायची बॅट आली, टॉर्च आला, दाढीची मशीन आली, सगळ्यांना तोच कायदा. बाबांना मी कितीदा अर्ध्या दाढीनं अंगणात बसलेलं पाहिलं आहे. एक गाल साफ, दुसऱ्यावर पांढरे खुंट, आणि मशीन आत चार्जिंगला. कोणी हसलं की म्हणायचे, "मशीन टिकली पाहिजे ना बापा. दाढी काय, उद्याही हाय."

बाबा उन्हाळ्यात गेले. दिवाळीच्या आधी आईला लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढत का होईना चालायला लागली, बोलणं शाबूत राहिलं. मी पांढुर्ण्याला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. शनिवारी संध्याकाळची बस पकडून सौसरला जायचं आणि सोमवारी सकाळी परत, असं माझं सुरू झालं. लोक म्हणायचे, पोरगी किती खंबीर आहे. खंबीर कसली, त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं. बसच्या खिडकीतून संत्र्याच्या बागा डोळ्यांसमोरून जायच्या, एवढंच. बाबांसाठी रडायचं राहून गेलं होतं आणि आता आईसाठी रडायची वेळ आली होती, पण दोन्ही जमत नव्हतं. मी फक्त औषधं मोजून डब्यात भरायची.

माझा भाऊ नागपूरला असतो. तो स्वभावानं गरीब, पण काळजी करायला लागला की वस्तू पाठवतो. वायरीत पाय अडकून आई पडेल या भीतीनं त्यानं घरात पायात येईल अशी वायर असलेलं काही ठेवलंच नाही. पंखा बिनवायरीचा, दिवा बिनवायरीचा. आईनं नागपूरला यावं असं त्याचं म्हणणं होतं. लेकीकडे राहायला ती तयार नव्हती, आणि माझ्या सासरच्या दोन खोल्यांत जागाही नव्हती. नागपूरला जायलाही तयार नव्हती. "माहं घर हाय, मी कायले कोणाच्या घरी जाऊ?" एवढंच तिचं उत्तर.

पण दवाखान्यातून आल्यावर ती चहा-टोस्टवर राहून राहिली होती, हे भावाला कळलं. शेजारणीनं डबा दिला तर परत पाठवायची. मग तो एकदा स्पष्टच बोलला. म्हणाला, "आई, तू आपल्या हातानं रांधून दोन टाइम जेवत असशील तर राहा इथं, मी तोंड उघडणार नाही. नाही तर माझ्यासंग चाल. थंडीत येतो मी, तेव्हा पाहीन." आई म्हणाली, "पाय ना, ये." त्याचं काही चुकीचं नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

आता विळीवर बसायचं म्हटलं तर खाली बसता येत नव्हतं. ओट्यापाशी उभं राहून सुरीनं चिरायचं तर धरायला दुसरा हात नव्हता. जिनं विहारातल्या भोजनदानाला पोतंभर कांदे गप्पा मारता मारता चिरले, तिला एक लसणाची पाकळी चिरता येत नव्हती. तेव्हा भावानंच बॅटरीवर चालणारी, चिरायची एक छोटी मशीन पाठवली. पेल्याएवढी वाटी, वर झाकण, झाकणावर बटण. दाबलं की आतलं पातं फिरतं.

आईनं तिला आपलंसं केलं. ओट्यावर ओलं फडकं टाकायचं म्हणजे वाटी सरकत नाही. झाकण फिरवायला वाटी पोटाशी दाबून धरायची. लसूण कोमट पाण्यात टाकून चोळला की साल निघते. कांदे मी बारके बारके निवडून आणायची, ते अख्खेच आत जायचे. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा ती वाकून आत पाहत राहिली. "व माय, हे तर माह्यापेक्षा जलद चिरून राहिलं," म्हणाली. त्या दिवशी तिनं वरणाला फोडणी दिली आणि मला म्हणाली, तू कणीक घट्ट मळते. बाबा गेल्यापासून तिनं कशालाही नावं ठेवली नव्हती.

मग ती परत जेवायला लागली. अंगावर थोडं मांस आलं. फोनवर मला रोज विचारायची, काय केलं, कसं केलं, आणि त्यात चूक काढायची.

भांडण एकच होतं, चार्जिंगचं. मशीनच्या डब्यातला कागद मी वाचला होता. आताच्या बॅटऱ्या वेगळ्या. त्यांना पार उतरू द्यायचं नाही, थोडी उरली असतानाच लावायची, आणि रिकामी तशीच पडू द्यायची नाही. मी हे आईला समजावलं तर ती म्हणाली, "मंग तुहे बाबा काय येडे होते?"

"मी असं म्हटलं काय?"

"मंग काय म्हटलं?"

शनिवारी मी गेले की गुपचूप मशीन लावायची आणि झोपायच्या आधी काढून ठेवायची. बाकी आठवडाभर बाबांचं राज्य. बटण दाबून दाबून शेवटचा श्वास निघेपर्यंत आई मशीन चालवायची, आणि मग कधी आठवण झाली तर लावायची. एकदा दोन दिवस रिकामी पडली होती, तर चार्जिंगचा लाल दिवाच लागेना. बऱ्याच वेळानं लागला. मी म्हटलं, पाहिलंस? ती म्हणाली, "लागला ना शेवटी."

भाऊ यायचा रविवार ठरला आणि त्याच्या आदल्या दिवशी पौर्णिमा आली. विहारात भोजनदान होतं. आजारी पडल्यापासून आई तिकडे फिरकली नव्हती. त्या दिवशी मशीन पदराखाली घेऊन गेली. मी नव्हते, शाळेत परीक्षेचं काम होतं म्हणून मला रविवारीच निघता येणार होतं. पण तिनं फोनवर सगळं सांगितलं. बाया विळ्या घेऊन सतरंजीवर बसल्या होत्या आणि ही मधोमध खुर्चीवर, टेबलावर मशीन ठेवून. एवढ्या लोकांचा लसूण, मिरच्या, अद्रक, सगळं तिनं एकटीनं बारीक केलं. कोणी म्हणालं, "मावशी तर राणीसारखी बसून राहिली." कोणी म्हणालं, "आमच्या विळ्या आता भंगारवाल्याले द्या." सांगताना ती हसत होती. मी विचारलं, "आई, मशीन चार्जिंगला लावलीस काय? उद्या तो येतो आहे."

"आजून जीव हाय तिच्यात," ती म्हणाली. "उतरली की लावतो."

मी म्हटलं, आजच्या दिवस माझं ऐक. ती म्हणाली, "बरं, पायतो." तिचं पायतो म्हणजे काय ते मला माहीत होतं, पण सौसर काही माझ्या हाताच्या अंतरावर नव्हतं.

रविवारी माझी बस उशिरा पोचली. मी घरात शिरले तेव्हा भाऊ स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. आई इस्तरीची साडी नेसून ओट्यापाशी उभी. सोल्यांची भाजी करून राहिली होती, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भावाच्या आवडीची. दाणे कढईत भाजून झाले होते. लसूण बारीक झाला होता. मी हात धुवून पुढे झाले तर म्हणाली, "तू बस. आज कोणी हात लावायचा नाही."

तिनं कांदा वाटीत टाकला, वाटी पोटाशी धरून झाकण लावलं, बटण दाबलं. पातं थोडं फिरलं आणि अडलं. लाल दिवा लुकलुकला आणि विझला. तिनं परत दाबलं. मग वाटी थोडी हलवून परत दाबलं.

"उतरली," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

मी मशीन चार्जिंगला लावली. दिवा लागला नाही. भाऊ म्हणाला, "थांबू ना आई, कायची घाई आहे? मी चहा करतो." त्यानं चहा केला. आम्ही तिघं चहा प्यायलो आणि अधूनमधून त्या मशीनकडे पाहत राहिलो. भावानं प्लग काढून दुसरीकडे लावून पाहिला. वायर बदलून पाहिली. दिवा नाहीच. लाइट होती, फ्रिजही चालू होता.

चहा संपला तशी आई उठली. तिनं सुरी घेतली, कांदा पोळपाटावर ठेवला आणि डाव्या हातानं वरून सुरी दाबली. कांदा सटकला, ओट्यावरून खाली पडला आणि फ्रिजखाली जाऊन थांबला. दुसरा घेतला. तोही गेला. मी जागची हलले नाही. तिनं बस म्हटलं होतं म्हणून मी बसले होते, आणि मला काही वाटत नव्हतं.

भाऊ उठला. खाली वाकून दोन्ही कांदे काढले, धुतले, तिच्या हातातून हळूच सुरी घेतली. "राहू दे आई," म्हणाला आणि चिरायला लागला. सलादाला कापतात तसे मोठे मोठे तुकडे. आई म्हणाली, "बारीक कर. एवढं मोठं शिजत नाही." त्यानं बारीक करून पाहिले, पण त्याच्यानं होईना. तिनं तसेच फोडणीत घातले. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, तिनं एका हातानं तोडून टाकला. आम्ही जेवलो. ती म्हणाली, "कांदा कच्चा राहिला." आम्ही दोघंही म्हणालो, नाही, चांगली झाली. कांदा कच्चाच होता.

हात धुवून झाल्यावर ती मला म्हणाली, "कपाटातून माह्या चार साड्या काढ. स्वेटरबी घे."

भाऊ म्हणाला, "आई, मी काही बोललो काय?"

"तू नाही बोलला. मी बोलून राहिलो."

तो रडला. बाहेर अंगणात जाऊन रडला आणि तोंड धुऊन आला. मी साड्या काढल्या, घड्या घातल्या, औषधांचा डबा पिशवीत ठेवला. तिला कारमध्ये बसवताना तिचा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. गाडी गेली. मी घरात येऊन सिलिंडर बंद केला, फ्रिज रिकामा केला. शेवटी ओटा पुसायला वळले तर मशीनचा लाल दिवा लागला होता. तोवर ते दोघं नागपूरच्या रस्त्यावर लोधीखेड्याच्या पुढे गेले असतील. फोन करून काय सांगणार होते मी, दिवा लागला म्हणून परत या? प्लगचं बटण बंद केलं आणि घराला कुलूप लावलं.

नागपूरला आई सुखात आहे. भावजय जिवाला जपते, हातात ताट देते, भाजी, दूध, फळं, सगळं वेळेवर. आई तिच्याबद्दल वाकडा शब्द बोलत नाही. संध्याकाळी आमचा फोन असतो. सुरुवातीला ती विचारायची, आज काय केलं? मी सांगितलं की तिकडून सुरू व्हायची. चण्याच्या डाळीला हिंग काहून नाही घातला? मेथी धुवून चिर, चिरून धुऊ नको. मी गॅससमोर उभी राहून फोन कानाला लावून ती सांगेल तसं करायची. मग हळूहळू ते कमी झालं. आता ती तब्येतीचं विचारते, लेकरांचं विचारते.

परवा मीच म्हटलं, "आई, वांगे आणले आहेत चांगले. सांग, कसे करू?"

ती म्हणाली, "कर व कसेबी. सारखंच लागते."

मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि ओट्याला धरून रडायला लागले. वांगे तसेच राहिले. त्या दिवशी आमच्याकडे कोणी जेवलं नाही.