पेटीवाल्या बाईविरुद्ध तक्रार

माझ्या थोरल्या जाऊबाईंना वस्तीत सगळे 'पेटीवाली बाई' म्हणत. पुरात घरं वाहून गेलेल्यांची ती वस्ती. तिथे मदत वाटणाऱ्या परदेशी संस्थेने तक्रारींसाठी सात पिवळ्या पेट्या टांगल्या होत्या. दर गुरुवारी वस्तीतल्या दोघांसमोर कुलपं उघडायची, चिठ्ठ्या वाचायच्या आणि पंधरा दिवसांत प्रत्येक चिठ्ठीला उत्तर द्यायचं, हे जाऊबाईंचं काम. उत्तर 'नाही' असलं तरी द्यायचंच. लिहिता न येणारे चित्रं काढत: गळका नळ, दार नसलेला संडास. नऊ वर्षांत एकही चिठ्ठी उत्तराशिवाय राहिली नाही. घरात मी काही विचारलं तर दोन-दोन दिवस हूं की चूं नाही, ती गोष्ट वेगळी.

मग एका सोमवारी संस्थेचे साहेब कॉम्प्युटरच्या पडद्यावर आले, सात मिनिटं बोलले आणि गेले. पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतलाय, काम आजपासून बंद. ऐकणाऱ्या सगळ्यांचे माइक त्यांनी आधीच बंद करून ठेवले होते. लोकांच्या तक्रारी कशा ऐकाव्यात याचं जाऊबाईंना प्रशिक्षण देणारी माणसं ही! संध्याकाळपर्यंत ओळखपत्रं, कॉम्प्युटर, पंखेसुद्धा मोजून घेतले. पेट्या तेवढ्या यादीत नव्हत्या. त्या भिंतींवरच राहिल्या आणि किल्ल्यांचा जुडगा जाऊबाईंच्या पर्समध्ये.

त्यानंतर महिनाभर आमच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांना आपटून आपटून पोचे आले. "माझ्यावर का ओरडता?" मी एकदा विचारलं.

"त्याच्यावर ओरडले असते, पण माइक बंद होता ना!"

शेवटी भाऊजींनी ओळखीच्या कापड दुकानात काउंटरचं काम शोधलं. गुरुवारपासून हजर व्हायचं. "झालं गेलं सोडून दे आता," ते म्हणाले. जाऊबाई हो म्हणाल्या, पण आदल्या दिवशी किल्ल्या कुणाच्या तरी हातात द्यायच्या म्हणून मला घेऊन निघाल्या. ऑफिसला टाळं. मग आम्ही वस्तीत गेलो.

पहिल्या पेटीच्या फटीतून चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या. बंद दवाखान्याच्या पायरीवर बसून जाऊबाईंनी एका म्हातारीला आणि तिच्या सुनेला समोर बसवलं, कुलूप काढलं. मी वाचायला लागले. टँकर येत नाही. दवाखाना का उघडत नाही? आणि मग: 'चिठ्ठ्या वाचणारी बाई महिनाभर आली नाही. न सांगता गैरहजर. तिच्यावर कारवाई करावी.'

सातही पेट्यांत मिळून अशा एकोणीस निघाल्या. एकीवर नुसतं चित्र, पेटी आणि पाठमोरी बाई.

"मी गैरहजर?" जाऊबाई ताडकन उठल्या. "मला हाकललं, आणि कारवाई माझ्यावर? लाज नाही वाटत? नऊ वर्षं उन्हातान्हात झिजले मी इथे!"

मलाही संताप आला होता. कुणाला तरी धरून बदडावं असं वाटत होतं, पण समोर होती ती म्हातारी.

"एक मीच लिहून घेतली सुनेकडून," म्हातारी म्हणाली. "काम गेलं तर गेलं, बाई. सांगायला तरी यायचंत. आम्ही चिठ्ठ्या टाकतच राहिलो."

जाऊबाई खाली बसल्या. वस्तीला कुणीच काही कळवलं नव्हतं. साहेबांनी नाही आणि जाऊबाईंनीही नाही. मग त्यांनी टँकरच्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या वेगळ्या करून माझ्या पिशवीत कोंबल्या.

"या पालिकेत न्यायच्या. एकेका चिठ्ठीवर मिळाल्याचा शिक्का मारून घेईन. बघते कसा देत नाहीत!"

तिथूनच त्यांनी दुकानदाराला फोन लावला. "उद्या येणार नाही. कुठल्याच गुरुवारी येणार नाही. बाकीचे दिवस चालत असतील तर ठेवा."

तो विचार करून सांगतो म्हणाला.

"पंधरा दिवसांत सांगा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, पेन काढलं आणि त्या एकोणीस चिठ्ठ्यांवर एकच उत्तर लिहून खाली सही केली: 'तक्रार खरी आहे. उद्या येते.'