उठावाचे आलेख

तेलंगणा वेगळं होऊन राज्याची दोन राज्यं झाली, त्या वर्षी पद्मावतीच्या कचेरीतही वाटणी चालली होती. खुर्च्या, कपाटं, फायली, माणसं, सगळ्यांच्या याद्या होत होत्या. संगणक विभागात फोर्ट्रान ही जुनी संगणकभाषा येणारी ती एकटीच उरली होती, आणि आपण कुठल्या राज्याच्या हे ठरेपर्यंत तिला काही काम नव्हतं. कोपऱ्यातला जुना संगणक आणि पिनांचा प्रिंटर तर कुठल्याच यादीत बसेना.

शेजारच्या टेबलावरचा श्रीनिवास म्हणाला, "ले जाओ मॅडम, इसका मालिक कौन है, किसीकोच नहीं मालूम."

पद्मावतीने रीतसर अर्ज केला. साहेबांनी सही दिली आणि यंत्र रिक्षातून काचीगुड्याला तिच्या घरी आलं.

घरी थोरला भाऊ होता, केशवराव. त्यांनी विद्यानगरच्या कॉलेजात चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं. काचबिंदूने त्यांची नजर गेली, तेव्हापासून गणिताचं नावही ते काढत नसत. जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला तर म्हणत, "फळ्याशिवाय काय सांगू बाबा?"

पद्मावतीच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली होती. पिनांचा प्रिंटर कागदावर ठोके मारतो. कागद जाड घेतला, मागे सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, आणि एकाच जागी तीनतीनदा पूर्णविराम छापला, तर कागदाच्या पाठीवर बोटाला लागेल असा उठाव येतो. मग तिने संगणकासाठी कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, लिहायला घेतला. सूत्र द्यायचं, एक्सच्या एकेका किमतीला कागदाची एकेक ओळ, आणि वायच्या किमतीप्रमाणे त्या ओळीत कुठेतरी एक टिंब. कागद आडवा धरला की आलेख तयार. पंधरा दिवस ती त्यालाच लागून होती.

पहिला कागद तिने पाठ वर करून दादाच्या हातात दिला. "एक्सचा वर्ग आहे."

केशवरावांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "पद्मा, ही उपडी वाटी आहे. वजा लागलाय."

"नाही लागला. मी चारदा तपासलंय."

"मग तुझं यंत्र खोटं बोलतंय."

ती चिडून आत गेली. भाजी चिरताना तिला उमगलं, की दादा कागदाच्या पाठीवरून वाचतोय. कागद उलटला की वरचं खाली जाणारच. ओळीत बहात्तर जागा होत्या. टिंबाची जागा त्र्याहत्तरातून वजा करायची, एवढी एक ओळ तिने वाढवली. या खेपेला वाटी सुलटी आली. केशवरावांनी तिच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. मग ते कागद मांडीवर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "एक भागिले एक्स काढ."

तिथे कार्यक्रम शून्याशी येऊन बंद पडला. शून्य आलं की ती ओळ कोरी सोडून पुढे जायचं, असं तिने त्याला सांगितलं. केशवरावांचं बोट रेषेवरून चढत गेलं आणि थांबलं.

"इथे काही नाही."

"शून्याला सोडलंय."

"बरोबर केलंस. शून्याला काही नसतंच." ते ताठ बसले आणि समजावू लागले, रेषा जवळ का येते, टेकत का नाही. मध्येच थांबून म्हणाले, "नुसतं हो म्हणू नकोस. समजलं का, ते सांग."

"नाही समजलं," पद्मावती म्हणाली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

ही गोष्ट विद्यानगरला कळली. तिथे भारती नावाची अंध मुलगी अर्थशास्त्र शिकत होती. तिला मागणी-पुरवठ्याच्या रेषा हव्या होत्या. मग आणखी दोघं आले. केशवराव दर शनिवारी तिथे शिकवायला जाऊ लागले.

दिवाळीच्या सुमाराला प्रिंटरच्या दोन पिना मोडल्या. तसल्या पिना कुठे मिळाल्या नाहीत. तोवर नंबर घातलेले एकतीस कागद झाले होते. पद्मावतीच्या नेमणुकीचा हुकूमही आला: तेलंगणा, तीच इमारत, फक्त खालचा मजला.

कागदावरची टिंबं बोटांनी हळूहळू बसत चालली आहेत. केशवरावांची तक्रार नाही. शनिवारी निघताना ते विचारतात, "आज कुठले घ्यायचे?" आणि पद्मावती कपाट उघडून नंबर वाचू लागते.