म्हसूने भंडारा उचलला नाही

उरवड्यात कुणालाही विचारा, म्हसू चोर आहे असंच सांगतील. तीन मेंढ्या चोरल्या, त्याही स्वतःच्याच घरातल्या. सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातं! मी म्हसूचा धाकटा भाऊ येसाजी. सातवी पास झालो म्हणून शाळेत शिपायाची नोकरी लागली, आणि लिहितावाचता येतं म्हणून आता हे लिहून ठेवतोय. त्या मेंढ्या मी विकल्या होत्या, पौडच्या बाजारात, खाटकाला. पैशाचं काय केलं ते लिहिण्यासारखं नाही.

म्हसू अडाणी. जन्म मेंढरांमागे गेला. पंचावन्न साली कड्यावरून घसरून त्याची मांडी मोडली, तेव्हा बैलगाडीत घालून त्याला पुण्याच्या एका मिशन दवाखान्यात नेलं. तिथे पायाला वजन बांधून टांगला आणि हा चार महिने तसाच पडून. शेजारच्या खाटेवरचा एक म्हातारा मास्तर रोज मोठ्याने येशूच्या गोष्टी वाचायचा. म्हसू घरी आला तो लंगडत, आणि येशूचा होऊन. भावकी म्हणाली, काहीतरी आमिष दाखवलं असणार. कसलं आमिष अन् कसलं काय! जे फाटकं घोंगडं घेऊन गेला होता तेच घेऊन परत आला.

मी एकदा चिडून विचारलं, "दादा, तुला आपला खंडोबा कमी पडला व्हय?"

"तसं न्हाई रं येसा. देव आपला लांबनं ठावं हुता. ह्यो जवळ यून बसला. पाय टांगल्याला, कुणी इचारंना, तवा ह्यानं मला नावानं हाक मारली. आता मी त्याला वळखतुया, त्यो मला वळखतोय."

"दिसतो का तुला?"

"आंधळ्याला आय दिसती का? पर वळखतंय का न्हाई?"

रानात मेंढरं चारताना तो शेजारी कुणी बसल्यासारखा बोलायचा. "बघ की रं धनी, ही काळी मेंढी आज चरंना." लोक हसायचे. त्याची बायको सुंदरा हसायची नाही. सत्तावन्न साली त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिने दोन दिवस चूल पेटवली नाही, तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापल्या. मूलबाळ नव्हतं. तिचा सगळा जीव नवऱ्यावर होता.

अठ्ठावन्न साली आमचे वडील गेले आणि वाटणी निघाली. आमच्यात रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी पसंत करायचा. पण त्याच्याही आधी पंचांपुढे घोंगडी अंथरून तिच्यावर बेल-भंडारा ठेवतात. कळपातलं काही लपवलं नाही म्हणून दोघा भावांनी तो भंडारा उचलायचा. हळदच ती, पण खंडोबाची. खोटी उचलली तर निर्वंश होतो म्हणतात. त्या दिवशी मोजणीत तीन मेंढ्या कमी भरल्या आणि सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. म्हसूने मात्र माझ्याकडे बघितलं. पौडहून मी रिकामी दोरी खांद्यावर टाकून आलो होतो, ते त्याने पाहिलं होतं.

कुशाबा आमच्या पंचांतला म्हातारा. तो म्हणाला, "म्हसू, तू थोरला. उचल."

"कुशाबा, मी मेंढरू घेतलं न्हाई. माझं न्हाई म्हंजी न्हाई. पर भंडारा मी उचलत न्हाई."

"न उचलंल त्यो चोर. चोराला कळपात वाटा न्हाई आन् भावकीत जागा न्हाई. इचार कर."

आमच्याकडे पंचांत बायका बोलत नाहीत. सुंदरा बायकांतून उठून पुढे आली आणि तिने चारचौघांत नवऱ्यापुढे पदर पसरला. "चिमूटभर हळद हाय वो. उचला आन् ठिवा. मनात तुमच्या येशूचं नाव घ्या, कोन बघतंय?"

"सुंदरे, ज्याचा मी न्हाई त्याच्या नावानं शपत घेतली तर ती खोटीच की. आन् ज्याचा हाय, त्याला काय तोंड दावू?"

मग तो माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "येसा, तू तरी उचलू नगंस." माझ्या जिवाची काळजी होती त्याला. पंचांना वाटलं, हा आता भावालाही बाटवतोय. त्यांनी त्याला मागे ओढलं. मी भंडारा उचलला, कपाळाला लावला. हात जरासुद्धा कापला नाही माझा. तिथे भंडाऱ्याला खरा मान दिला तो एका ख्रिस्ती माणसाने. अख्खा कळप माझा झाला.

सुंदरा त्याच दिवशी गाठोडं घेऊन पायी मारुंजीला, माहेरी निघून गेली. म्हसू त्या मिशन दवाखान्यात रखवालदाराची नोकरी मागायला गेला. त्यांनी चांगल्या वागणुकीचा पाटलाचा दाखला आणायला सांगितलं. पाटलाने पंचांचा निवाडा लिहून दिला. तिथूनही हा परतला आणि पिरंगुटच्या रस्त्यावर खडी फोडायला लागला. वर्षातून एकदा, नाताळाला, पुण्याला चालत जाऊन ख्रिस्ती लोकांच्या देवळात मागच्या बाकावर बसायचा.

माझं मात्र काहीही वाकडं झालं नाही. नोकरी लागली, दोन मुलगे झाले. सहासष्ट साली धाकट्याला गोवर निघाला आणि ताप उतरेना, तेव्हा मला ती हळद आठवली. पोरगं वाचलं. भीती काही गेली नाही. शेवटी एका दुपारी मी म्हसूकडे रस्त्यावर गेलो.

"दादा, मेंढ्या मी इकल्या."

"ठावं हाय," तो म्हणाला. हातोडी चालूच.

मला संताप आला. "मग पंचांत बोलला का न्हाईस?"

"तुला वाळीत टाकलं असतं. माझ्यासंगती त्यो धनी तरी हुता. तुझ्यासंगती कोन ऱ्हायलं असतं?"

मी रडलो तर म्हणाला, "रडू नगंस. माझं एक काम कर. मारुंजीला जा. सुंदरीला सांग, म्हसू चोर न्हाई. बाकी कुणाला न्हाई सांगितलंस तरी चालंल."

मी गेलो. सुंदरा भावाच्या अंगणात बाजरी पाखडत होती. केस पिकले होते. मी तिच्यापुढे हात जोडून सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"चोर न्हाईत, हे मला तवाच ठावं हुतं," ती म्हणाली. "चोर असतं तर म्या आलेच नसते हितं. चोराची बायकू हुयाला म्या तयार हुते. समद्यांम्होरं पदर पसरला, भावजी. चिमूटभर हळद मागितली. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई, त्यांच्या येशूकडं बघितलं. सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या. ह्याला कुटं धरू?"

मी परत आलो. आयुष्यभर खोटं बोललो, पण तिचं बोलणं म्हसूला जसंच्या तसं सांगितलं. त्याने हातोडी बाजूला ठेवली.

"खरं हाय तिचं," तो म्हणाला.

त्याचं ते शांत बोलणं मला सहन होईना. मी ओरडलो, "दादा, आज परत घोंगडी अंथरली आन् तिनं परत पदर पसरला, तर उचलशील का भंडारा?"

त्याने दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले.

"न्हाई रं," म्हणाला, आणि खडीच्या ढिगावर बसून मोठमोठ्याने रडायला लागला.