पन्नास हजारावं पाऊल

साकाउरा बंदरात माकुलं, म्हणजे स्क्विड, सुकवणाऱ्या ज्या थोड्या बायका उरल्या आहेत, त्यांत तोकिए कुराहाशीचा हात सगळ्यांत साफ. एका रेषेत चिरायचं, आतलं सगळं एका झटक्यात ओढून काढायचं, धुवायचं, दोरीवर टांगायचं आणि पंख आखडू नयेत म्हणून बांबूची काडी आडवी खोचायची. हात चालतात, तोंड बंद. शेजारच्या पाटावर बसणारी कात्सुए दोघींच्या वाटचं बोलून घेते, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

पाटावर बसायच्या आधी मात्र तोकिएचं एक काम असे. स्वयंपाकघरात भाताच्या कुकरशेजारी एक जुनाट कॉम्प्युटर आहे. तो जागा व्हायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात मिसोचं सार उकळून होतं. त्यावर ती इंटरनेटवरचं एक पान उघडी. वर फिकट निळी पट्टी, 'साकाउऱ्याच्या वाऱ्यांची नावं'. खाली वाऱ्यांची यादी, यादीखाली पाहुण्यांनी चार शब्द लिहायचा फळा, आणि तळाशी आकडा, आजवर किती पावलं आली त्याचा. आकडा बघायचा, पान मिटायचं, गमबूट चढवायचे.

पान तिच्या मुलानं केलेलं. तात्सुनोरी, घरात तात्सु. शाळेत असताना हिवाळ्याच्या सुट्टीत तो धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांच्या मागे हात धुऊन लागला आणि नावं गोळा करून आणली. वायव्येकडून येऊन होड्यांना उलट पावली परत पाठवणारा तामाकाझे, जमिनीवरून समुद्राकडे सुटणारा दाशी, असे कितीतरी. म्हाताऱ्यांना वाटलं, पोराला दर्याची गोडी लागली. पोराला गोडी कॉम्प्युटरची होती, पण कुणी त्यांचा भ्रमनिरास केला नाही.

त्या काळी अशा घरगुती पानांची एक रीत होती. ज्याच्या पावलानं आकडा गोल होईल, हजार, दहा हजार, त्यानं फळ्यावर तसं लिहायचं आणि घरमालकानं त्याचे आभार मानायचे. गोल आकड्यावर पाऊल टाकून गुपचूप सटकणं म्हणजे चपला घालून लोकांच्या घरात शिरण्यासारखं. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती हसतील. तात्सुच्या वयाच्यांच्या मात्र ते अंगात मुरलेलं.

पुढे तो मोठा झाला आणि म्हणाला, मला माकुलं सुकवायची नाहीत. बाप, मोरिझो, चार लोकांसमोर त्याच्यावर धावून गेला. "या उंबरठ्यावर पुन्हा पाऊल टाकू नकोस," म्हणाला. मोरिझोचं बोलणं नेहमीच असं, वर्षभर गप्प आणि मग एकदम टोकाचं. तात्सुनं खरंच टाकलं नाही. आधी फोन यायचे बंद झाले, मग नंबरच बदलला, मग ओसाका शहरातल्या त्याच्या खोलीवर दुसरंच कुणी राहत असल्याचं कळलं. तोकिएनं तेव्हा नवऱ्याला काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, हे तिला नंतर रोज वाटत राहिलं.

मग चाळीस हजार झाले. त्या सकाळी मोरिझोनं तिला हाक मारली, "अगं, हे बघ." फळ्यावर लिहिलेलं होतं: चाळीस हजारावर माझं पाऊल पडलं. मी ठीक आहे. खाली नाव, वाटसरू.

"कोण असेल हो?" तोकिएनं विचारलं.

"मला काय विचारतेस? असेल कुणी," मोरिझो म्हणाला आणि पाठ करून माकुलं मोजायला निघून गेला.

कुणी परका 'मी ठीक आहे' कशाला लिहील? तोकिएनं ते वाक्य उराशी धरलं आणि त्यावर वर्षं काढली. तात्सु येतो, बघतो, जातो. पानाचा पत्ता त्याला पाठ नसणार. पत्ते कोण पाठ करतं? तो शोधणार तो 'तामाकाझे, साकाउरा' असं लिहून. ते दोन शब्द एकत्र लिहिले की सगळ्या जगातून एकच पान वर येई, हे. म्हणजे ते पान तिथं दिसत राहिलं की झालं.

गेल्या उन्हाळ्यात मोरिझो गेला. दोरीवरून माकुलं काढताना बसला तो उठलाच नाही. तोकिएला रडू आलं नाही. लोक येत, धूप लावत, ती चहा देई, पेले विसळी. दुसऱ्या दिवशीही चहा, पेले. आत काही हलतच नव्हतं. पानावर तिनं बातमी घातली नाही, कारण पाहुण्यांपुढे घरातलं रडगाणं गाऊ नये असं तिला वाटे, आणि दुसरं म्हणजे ते कसं लिहायचं हे सुचेना.

त्यातच, ज्या कंपनीच्या जागेवर पान फुकट उभं होतं, तिनं गाशा गुंडाळला. गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवणारे आओतो मास्तर धावून आले. शाळेतून निवृत्त झालेला, जरुरीपेक्षा जास्त सभ्य माणूस. त्यांनी पान जसंच्या तसं नव्या जागी उचलून नेलं, आकड्यासकट, फळ्यासकट. "सवडीनं बघून घ्या, काकू. घाई नाही," असं म्हणून कमरेत वाकून गेले. तोकिएनं बघितलं, सगळं जागच्या जागी होतं. तिनं निवडक सुकी माकुलं कागदात बांधून त्यांच्या दारी ठेवली.

थोड्याच दिवसांत तिनं सवयीनं 'तामाकाझे, साकाउरा' लिहून पाहिलं. पान आलं नाही. हवामानखातं आलं, एका खानावळीचं नाव आलं, कुठल्याशा जहाजाचं चित्र आलं. तिनं पुन्हा लिहिलं. दुसऱ्या वाऱ्याचं नाव घालून पाहिलं. शेवटी नुसतं 'कुराहाशी' लिहिलं, तर दुसऱ्याच गावचा एक दंतवैद्य निघाला.

मास्तरांना विचारायला काय झालं होतं? पण विचारणं म्हणजे त्यांच्या कामात खोट काढणं. फुकट केलंय बिचाऱ्यांनी. जागा बदलली की वेळ लागत असेल, सांगतीलच ते. असं म्हणून ती थांबली. दर आठवड्याला कचरा टाकायच्या जागी दोघं समोरासमोर येत.

"थंडी वाढली, नाही का?" मास्तर म्हणत.

"हो ना. वाढलीच," तोकिए म्हणे.

दोघं वाकत आणि आपापल्या वाटेनं जात. अख्खा हिवाळा असा गेला. सांगायला लाज वाटते, पण आम्ही साकाउऱ्याचे लोक असेच आहोत. घराला आग लागली तरी शेजाऱ्याला आधी म्हणू, जेवणाच्या वेळी त्रास देतोय.

तोकिए रोज सकाळी पान उघडी. नुसतं आहे ना, एवढंच बघायला. कधी दुपारी हात पुसून पुन्हा. आकडा एकानं वाढे, तो तिचाच. दुसरं कुणी येत नव्हतं. तिला भीतीही वाटेनाशी झाली होती. बर्फात उभं राहिल्यावर पायांचं होतं ना, दुखत नाही, नुसते नसतात, तसं तिचं मन झालं होतं. तात्सु कुठंतरी बसून तेच दोन शब्द लिहीत असेल आणि त्याला दंतवैद्य दिसत असेल, हे तिला कळत होतं. कळून काही होत नव्हतं.

कोंडी फोडली कात्सुएनं. तिच्या नातीला शाळेत वाऱ्यांवर निबंध होता.

"काय गं तोकिए, तुझं ते वाऱ्यांचं पान मेलं की काय? पोरगी शोधून शोधून थकली."

"हल्ली दिसत नाही," तोकिए म्हणाली.

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"पान हलवलं तेव्हापासून."

कात्सुएचा सुरा थांबला. असं फारसं होत नाही. "आणि तू मास्तरांना विचारलं नाहीस? बाई गं, तुला काय म्हणावं! त्या पानावर कोण येतं म्हणून तू जीव टांगून बसली आहेस, ते अख्ख्या धक्क्याला ठाऊक आहे. थांब, मीच बघते त्यांच्याकडे."

ती एप्रनसकट, माकुलांच्या वासासकट उठली आणि सभागृहात भर वर्गात जाऊन उभी राहिली. काय बोलली ते तिलाच ठाऊक. अर्ध्या तासात आओतो मास्तर तोकिएच्या दारात होते, चेहरा उकडलेल्या ऑक्टोपससारखा लाल.

"काकू, माझ्या हातून फार मोठी चूक झाली." ते चौकटीतच गुडघ्यावर बसले. "पान हलवताना मी त्यावर एक खूण घातली होती, शोधात दाखवू नका म्हणून. दुकानाच्या दारावर 'तयारी चालू आहे' पाटी लावतात ना, तशीच. अर्धवट पान पाहुण्यांना दिसू नये, म्हणून. म्हटलं, तुम्ही बघून हो म्हणालात की काढीन."

"मग?"

"तुम्ही हो म्हणाला नाहीत."

"सगळं नीट दिसलं म्हणूनच तर दारी माकुलं ठेवली, मास्तर."

"ती मेहनतान्याची असतील असं वाटलं. घरात नुकतंच... अशा वेळी तुमच्या मागे तगादा कसा लावायचा?"

तोकिएला राग यायला हवा होता. ती राग येण्याची वाट बघत होती, पण आला नाही. "उठा मास्तर," ती म्हणाली, "जमीन गार आहे. चहा घेता ना?"

कुकरशेजारी बसून मास्तरांनी ती खूण काढली. दोन बोटांचं काम होतं. "आता शोध घेणाऱ्या कंपनीचं यंत्र फिरत फिरत येईल तेव्हा पान पुन्हा दिसेल. कधी, ते माझ्या हातात नाही," असं सांगून, जाताना दारात पुन्हा वाकून ते गेले.

दुसऱ्या सकाळी सार उकळत होतं. तोकिएनं पान उघडलं आणि तळाशी बघितलं. पन्नास हजार. एक जास्त नाही, एक कमी नाही. सगळा हिवाळा एकटीनं ये-जा करून तिनंच ते तिथवर आणलं होतं.

रीत म्हणजे रीत. सटकायचं नाही. आजवर तिनं फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं, ते काम मोरिझोचं. एका बोटानं तिनं नावाच्या चौकटीत टिचकी मारली. तर चौकटीखाली आपोआप एक शब्द उमटला. या यंत्रावरून त्या चौकटीत आधी कुणी जे नाव लिहिलं असेल, ते यंत्र असं पुढे करतं, हे तिला ठाऊक होतं.

वाटसरू.

तिनं गॅस बंद केला. पुन्हा येऊन बसली. शब्द तिथंच होता.

म्हणजे वाटसरू हेच, मोरिझो. रोज सकाळी तिच्या आधी इथं बसून आकडा पुढे ढकलणारेही हेच, आणि चाळीस हजारावर लिहिणारेही हेच. मुलाला हाकलून दिलं, आणि मग बायकोसाठी मुलाच्या नावानं, नव्हे नावाशिवाय, 'मी ठीक आहे' लिहिलं. आणि वर 'अगं, हे बघ' म्हणून हाकही मारली. तात्सु आला नव्हता. कधी आला असेल, नसेल, त्याचा या घरात कुणालाच पत्ता नव्हता.

"मेल्या," तोकिए मोठ्यानं म्हणाली. एवढंच. मोरिझोच्या फोटोकडे तिनं मान वळवलीसुद्धा नाही. छातीत काहीतरी दुखलं, आणि इतक्या महिन्यांनी काही दुखलं याचंच तिला नवल वाटलं.

मग तिनं यंत्रानं पुढे केलेला शब्द पुसला आणि त्या जागी 'आई' लिहिलं. खालचा मजकूर लिहायला सकाळ गेली. कात्सुए दोनदा खिडकीशी येऊन हाका मारून गेली. शेवटी फळ्यावर उमटलं ते असं:

तात्सु, बाबा गेले. मी बरी आहे. दाराला कडी नसते, कधीही ये, जेवूनच जा.

दोरीवरच्या माकुलांच्या चार खेपा सुकून उतरल्या, तेव्हा एका दुपारी आओतो मास्तर लगबगीनं आले. या वेळी त्यांनी हवामानाचा विषयच काढला नाही. "काकू, दिसलं! लिहून बघा."

तोकिएनं हात पुसले आणि दोन शब्द लिहिले. सगळ्यांत वर निळ्या अक्षरात 'साकाउऱ्याच्या वाऱ्यांची नावं'. आणि त्याच्या खाली, पानातला मजकूर म्हणून यंत्रानं स्वतःच उचललेली बारीक अक्षरांतली ओळ: तात्सु, बाबा गेले. मी बरी आहे. दाराला... आणि पुढे तीन टिंबं.

"हे इथं बाहेरच कसं आलं?"

"ते आपण ठरवत नाही. त्यांचं यंत्र वाटेल ते उचलतं," मास्तर ओशाळून म्हणाले.

"म्हणजे पान न उघडताच कुणीही हे वाचू शकतं?"

"हो."

"आणि वाचून तसाच निघून गेला, तर आकडा हलणार नाही."

"नाही हलणार, काकू."

म्हणजे आता आकडा पाहून काही कळायचं नव्हतं. तो आला तरी कळणार नाही, नाही आला तरी नाही. त्याला मात्र कळेल. बाप गेल्याचं आणि आई असल्याचं त्याला रस्त्यात उभ्या उभ्या कळेल, आणि मग काय करायचं ते त्याचं तो ठरवील.

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "वाक्य तुटलंय बघा. तुम्ही म्हणत असाल तर मजकूर जरा आखूड करतो. मग कदाचित सगळं बाहेर दिसेल, ते कडीचंसुद्धा." आणि या वेळी, हो की नाही हे ऐकल्याशिवाय हलायचं नाही, अशा बेतानं ते उभे राहिले.

तोकिएनं खिडकीतून पाहिलं. बाहेर वारा फिरला होता, दोरीवरची माकुलं एका बाजूला झुकली होती, आणि कात्सुए त्यांना शिव्या घालत होती.

"नको मास्तर," ती म्हणाली. "तेवढं त्याला आत येऊन वाचू दे."