वाढलेले बावीस दिवस
काजूच्या बोंडांचा आंबूस वास आला की कोरगावची आमची भट्टी आठवते. तिथे हुर्राक ही काजूची दारू गाळणारा ख्रिस्ती गडी करेज्मचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस दारूचा थेंब घेत नसे. एका वर्षी तर बायकोच्या दुखण्यासाठी तशी आंगवणच, म्हणजे नवसच, केलेली. एका दुपारी मी गंमत म्हणून त्याच्या नीरोत, बोंडांच्या ताज्या रसात, हुर्राकचे दोन घोट मिसळले. घोट उतरताच तो थबकला, चूळ भरली आणि स्वतःशीच म्हणाला, "पेलो धुवंक विसरलों आसतलों." ईस्टरला त्याने मला जेवायला बोलावले. अशक्त बायकोने हसत पेला पुढे केला, "घे, सुटलो तू." त्याने तो बाजूला सारला. "उपास मदी मोडलो. परतो पयल्या दिसासावन धरला. अजून बावीस दीस आसात." "पिसो हो," त्याला वेड्यात काढत ती मला म्हणाली. मी तांदळाची वाफवलेली सान्नां खात राहिलो. पुढे ती बरी झाली. त्या वरच्या दिवसांनीच तिला तारले, असे तो आजही सांगतो आणि मी मान डोलावतो. पेला धुतलेलाच होता. कोंकणी तो रोमी लिपीत वाचतो, देवनागरी त्याला येत नाही. ते ठाऊक आहे म्हणूनच मी हे इथे लिहितो आहे.