दारातले पाव्हणे आणि खिशातला कांदा

माझ्या नातीला, स्वातीला, पाहायला अल्लीपूरहून आलेले पाव्हणे भर मे महिन्याच्या दुपारी पायरीवर उभे होते आणि मी दार अडवून त्यांना "नाई" म्हणत होते.

"येऊ का, आजी?" मुलाच्या वडिलांनी पुन्हा विचारलं. पांढरेशुभ्र कपडे, चेहरा त्याहून पांढरा (पावडर होती, हे नंतर कळलं) आणि सुळ्याच्या जागी सोन्याचा दात!

"थांबा थोडं," मी म्हटलं. "उन्हातच थांबा."

सगळं त्या पुस्तकामुळं झालं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी मला कुठून येणार? स्वाती कॉलेजच्या लायब्ररीतून पुस्तक आणायची आणि नालवाडीच्या घरात ओसरीवर बसून मला ते आपल्या बोलीत सांगायची. जग बुडालेलं, शहरावर रक्त पिणाऱ्या व्हँपायरांचं राज्य. माणसांनी रांग लावून रक्त द्यायचं, तेही कार्डावर! रेशनच्या रांगेत जन्म गेलेला, मला हे लगेच पटलं. राज्य करणारे सगळे शंभरीच्या पुढचे आणि खुर्ची कोणीच सोडत नाही, हेही पटलं. या सगळ्यांना सोळा वर्षांची एक पोरगी पुरून उरते. ती पोरगी म्हणजे मीच, असं मी ठरवून टाकलं होतं. (वय सत्तरीला टेकलेलं. पण गोष्टीत चालतं!)

त्या व्हँपायरांना ऊन सोसत नाही, लसूण चालत नाही आणि घरातल्या वडीलधाऱ्यानं 'या' म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही.

त्या दुपारी गोष्ट ऐन रंगात आली होती. पोरीच्या आजीच्या दारात पांढऱ्या कपड्यातला मुख्य व्हँपायर उभा. गोड आवाजात विचारतो, "येऊ का, आजी?" तेवढ्यात सून ओरडली, "स्वाती, पाव्हणे येऊन राह्यले, साडी नेस! आत्याबाई, तुम्ही मोठ्या, दारात तुम्हीच 'या' म्हणजा!"

स्वाती पळाली. आजीनं काय उत्तर दिलं ते राहूनच गेलं. म्हणून मग मीच दिलं.

भुतांवर माझा विश्वास नाही. पण नसलेल्या भुताला मुद्दाम 'या' म्हणून घरात घ्यायचं काय अडलंय?

"काऊन हो, आमचं काही चुकलं का?" मुलाच्या आईनं पदरानं वारा घेत विचारलं.

"अजून तरी नाई."

"मग आत काऊन नाई घेत?"

"हे उन्हात टिकते का, पाहू द्या."

सून धावत आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. खिडकीतून स्वाती माझ्याकडं डोळे वटारत होती. इतक्या मुलांमध्ये याच एकाच्या फोटोला तिनं नाक मुरडलं नव्हतं!

एवढ्यात मुलाचे वडील डोलले आणि मटकन पायरीवर बसले.

"उन्हाची लू लागली वो यायले!" त्यांची बायको ओरडली.

मी मनात म्हटलं, पकडला!

पण मुलानं वडिलांच्या खिशातून पांढरा कांदा काढला. (उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवल्याशिवाय अल्लीपूरचा माणूस घर सोडत नाही.) पायरीवर आपटून तो फोडला आणि त्यांच्या नाकाला लावला. त्यांनी डोळे उघडले.

आता लसणाच्या भावकीतला कांदा हुंगून जो शुद्धीवर येतो, तो व्हँपायर कसा असेल?

"या, या!" मी म्हटलं. "असे उन्हात काऊन बसले?"

वडिलांना पन्हं पाजून झाल्यावर मुलाला ओसरीवरचं पुस्तक दिसलं.

"आजी, हे तुम्ही वाचून राह्यल्या?"

"ऐकून राह्यली. आजीपाशी येऊन थांबलं."

"ते आजी 'नाई' म्हणते."

"पाहा!" मी सुनेला म्हटलं.

चहाचा ट्रे घेऊन आलेली स्वाती इतकी हसली की चहा बशीत सांडला. घरी जाऊन कळवतो, असं म्हणायची रीत. पण त्यानं तिथंच होकार दिला. पुस्तकाचा दुसरा भाग त्याच्याकडं होता, तेव्हा माझाही होकार आला.

त्या दुपारी दाराच्या आत-बाहेर होतो ते सगळे जगलो. आता वीस वर्षांनी मी नव्वदीला टेकले, दात शाबूत आहेत, मरायचं लक्षण नाही. व्याही आजही मी 'या' म्हणेपर्यंत पायरीवरच थांबतात. आणि 'या' म्हटल्यावर, माझ्या दातांकडं नीट पाहून, आधी खिशातला कांदा चाचपतात.